‘माहीत नाही’ शिकवणाऱ्या मॅडम

अमरावतीत ज्यांनी मे महिन्याची दुपार काढली आहे, त्यांनाच कळेल की भरलेल्या हॉलमधला कूलर बंद करायला लावणं म्हणजे काय. मॅडम दर प्रशिक्षणाला तेच करायच्या. आत आल्या की खांद्यावरची पिशवी खुर्चीवर ठेवायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “तो बंद कर. त्याच्या आवाजात प्रश्न ऐकू येत नाही.” मी उठून बटण दाबायचो. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले माहिती अधिकारी एकमेकांकडे बघायचे. अर्ध्या तासात सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटलेले असायचे. एकदा एका वयस्कर साहेबांनी विचारलं, “मॅडम, पण अजून कोणी प्रश्नच विचारला नाही.” मॅडम म्हणाल्या, “म्हणूनच.”

मी सरकारी माहिती खात्यात सहायक होतो. प्रशिक्षण म्हटलं की माईक, प्रोजेक्टर, हजेरीचा कागद, चहा, शेवटी पायऱ्यांवरचा फोटो, ही माझी कामं. विषयाचं नाव दर वेळी थोडं बदलायचं, पण मतलब एकच: सरकारी माहिती अधिकाऱ्यांनी माध्यमांशी मोकळेपणानं कसं बोलावं. वरून परिपत्रक आलं की आम्ही हॉल ठरवायचो आणि मॅडमना बोलवायचो. त्या आमच्याच खात्यातल्या, चांगल्या हुद्द्यावर असायला हव्या होत्या, पण नव्हत्या. शिकवायला ठेवलं होतं त्यांना. आमच्याकडे ज्याला शिकवायला ठेवतात, त्याला बहुतेक वेळा दुसरीकडे कुठे ठेवायचं नसतं.

त्या मूळच्या हिवरखेडच्या. घरी शेती, भाऊ तीच करायचा. साडीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि त्याबद्दल कोणी हसलं तर त्यांना कळायचंही नाही. माईकवर त्यांची मराठी नीट पुस्तकी असायची, पण वैतागल्या किंवा थकल्या की हिवरखेड बाहेर यायचं. दुपारनंतर बहुधा यायचंच.

“पत्रकार मित्र” हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. कोणी भाषणाच्या सुरुवातीला “माझ्या पत्रकार मित्रांनो” म्हटलं, की त्या मागच्या रांगेतून विचारायच्या, “मित्र कवा झाले? त्यांच्या पोरीच्या लग्नाला गेला होता का?” मग शांतपणे सांगायच्या, “मित्र नाहीत ते. शत्रूही नाहीत. ते विचारणारे आहेत. तुम्ही सांगणारे आहात. इतकंच नातं आहे, पण ते पाळा.”

त्यांचा एक खेळ होता. प्रत्येक अधिकाऱ्यानं एक प्रेसनोट लिहायची आणि सगळ्यांसमोर घरी आईला फोन लावून ती वाचून दाखवायची. आई नसेल तर मावशी, काकू, कोणीही घरचं वडीलधारं. फोन स्पीकरवर. मला तो खेळ बघवायचा नाही, कारण राजपत्रित अधिकारी घाम पुसत आईला “नागरिकांनी दक्षता बाळगावी” सांगताना फार केविलवाणे दिसायचे. वरूडच्या एका अधिकाऱ्याची आई माझ्या कायमची लक्षात राहिली. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता, संत्र्याचा माल भरणं चाललं असावं. त्यानं पाणीपुरवठ्याची नोट वाचली: गढूळपणा आढळल्याने यंत्रणेमार्फत योग्य ती कार्यवाही सुरू असून नागरिकांनी सहकार्य करावे.

“जेवला का तू?” आईनं विचारलं.

“हो आई. पण हे कळलं का?”

“कळलं ना बाप्पा. मंग पानी पिऊ का नोको?”

हॉलमध्ये सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. “बस खाली,” त्या त्याला म्हणाल्या. “तिनं विचारलं ते लिही. बाकीचं खोड.”

आणि दुसरं, त्या माणसांना “मला माहीत नाही” म्हणायला लावायच्या. सरळ उभं राहून, मोठ्यानं, पुढे काहीही न जोडता. ऐकायला सोपं वाटतं. मी बघितलं आहे, पंचवीस-तीस वर्षं नोकरी झालेली माणसं ते म्हणू शकत नसत. “मला या क्षणी तरी...” असं सुरू करायचे. “सविस्तर माहिती घेऊन...” मॅडम हात वर करायच्या. पुन्हा. “मला माहीत नाही.” पुन्हा. काहींचा आवाज त्या तीन शब्दांवर खरोखर कापायचा.

हे सगळं मी वर्षानुवर्षं ऐकलं. खरं सांगायचं तर त्यातून फारसं काही व्हायचं नाही. प्रशिक्षण संपलं की अधिकारी अभिप्रायाच्या कागदावर “अतिशय उपयुक्त” लिहायचे, प्रवासभत्त्याचं विचारायचे, आणि आपापल्या गावी जाऊन पुन्हा “परिस्थिती नियंत्रणात आहे” लिहायचे. मॅडमनाही ते माहीत होतं. एकदा चहा घेताना त्यांनी मला सांगितलं, की दिवाळीला घरी गेल्या तेव्हा भावानं विचारलं, तुझं काम काय असतं नेमकं? त्या म्हणाल्या, सरकार काय करतं ते लोकांना सांगायचं. भाऊ म्हणाला, “मंग सांगत कावून नाई?” मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? “काय म्हणणार. त्याला पोळी वाढली.”

निखिल त्यांच्याकडे आला तेव्हा नोकरीत नवा होता. चांदूर रेल्वेचा पोरगा, वडील तिथल्या शाळेत शिक्षक. अकोला जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठिकाणी त्याची नेमणूक होती. वर्गात फार बोलायचा नाही. आईच्या फोनच्या खेळात त्याची आई म्हणाली होती, “तू हे कोनाले सांगून राहिला?” आणि तो लाजून खाली बसला होता. मॅडमना तो आवडला होता असं मला वाटतं, पण त्या कोणाला आवडता म्हणून वागवत नसत.

पावसाळा चांगला मुरला होता. प्रशिक्षणाचा दुसरा दिवस, जेवणं झाली होती. निखिलचा फोन वाजला, तो बाहेर गेला आणि परत आला तेव्हा दाराशीच उभा राहिला. मॅडमनी विचारलं, “काय झालं?”

त्याच्या भागातल्या एका गावात सकाळपासून लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले होते. ग्रामीण रुग्णालयात माणसं आणत होते. एका पत्रकाराचा फोन होता. तो विचारत होता, पाण्यातून झालं म्हणतात, खरं आहे का, आणि लोकांनी नळाचं पाणी प्यावं का नाही.

“मग सांग त्याला,” मॅडम म्हणाल्या.

“साहेबांना विचारावं लागेल.”

“विचार.”

त्यानं तिथंच सगळ्यांसमोर साहेबांना फोन लावला. स्पीकर लावला नव्हता, पण पलीकडचा आवाज मोठा होता, पुढच्या दोन-तीन रांगांना ऐकू गेला. तपासणीचा अहवाल येऊ दे. तोवर माहिती घेत आहोत म्हण. आगाऊपणा करू नकोस. निखिल “हो सर” म्हणाला आणि फोन ठेवला.

मॅडम पुढे आल्या. “डॉक्टर काय म्हणतात, ते विचारलं?”

त्यानं रुग्णालयात लावला. डॉक्टर घाईत होते. बरेच जण दाखल आहेत, लहान लेकरंही आहेत, पाण्याचा संशय आहे, नमुने पाठवले, तोवर उकळून प्यायला सांगा, इतकं बोलून त्यांनी ठेवला.

“म्हणजे आत्ता गावातले लोक काय पिऊन राहिले?” मॅडमनी विचारलं.

कूलर अर्थात बंदच होता. निखिल त्यांच्याकडे बघत राहिला. त्या सांगतील, असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. मॅडम म्हणाल्या, “माझ्याकडे बघू नको. मी शिकवायला आहे. जागा तुझी आहे.”

निखिलनं पत्रकाराला फोन लावला. सरळ उभं राहून बोलला. “लिहून घ्या. माणसं आजारी पडली हे खरं आहे. कशानं, ते अजून नक्की माहीत नाही. डॉक्टरांना पाण्याचा संशय आहे. अहवाल यायचा आहे. तो येईपर्यंत नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनच प्या. हे माझ्या नावानं छापा.” मग त्यानं तेच शब्द मोबाइलवर टाइप करून तालुक्यातल्या पत्रकारांच्या गटावर टाकले. थोड्याच वेळात ते सगळीकडे फिरत होते. ग्रामपंचायतीनं भोंग्यावरून सांगितलं. आमच्या हॉलमधल्या काही अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी हातानं थांबवलं. “टाळ्या कशाच्या. काम झालं. बसा.”

इथपर्यंतची गोष्ट मी कोणालाही सांगितली की लोकांना ती आवडते. पुढची मात्र सांगायला जड जाते.

पाणी चांगलं होतं. अहवाल आला त्यात नळाच्या पाण्यात काही सापडलं नाही. मग डॉक्टरांनी एकेका रुग्णाला विचारलं, तेव्हा कळलं की सगळे आदल्या दिवशी एकाच पंगतीला जेवले होते. गावात एकाकडे बारसं होतं. वांग्याची भाजी आणि मठ्ठा. आणि उरलेलं जेवण घरोघरी वाटून दिलं होतं. निखिलची सूचना फिरली, लोकांचं सगळं लक्ष पाण्याकडे गेलं, आणि एका घरातल्या म्हातारीनं संध्याकाळी ती उरलेली भाजी खाल्ली. तिला अकोल्याला हलवावं लागलं. दोन दिवस तिची काही खात्री नव्हती.

ही बातमी कळली तेव्हा मॅडम पुढच्या प्रशिक्षणाचं काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, “अकोल्याची गाडी किती वाजता हाये?”

मी म्हटलं, “मॅडम, तुमचा काय संबंध? तुम्ही तर प्रशिक्षक.” हे मी त्यांच्या भल्यासाठीच म्हणालो होतो. त्यांनी पिशवी उचलली. मला काही सुचेना म्हणून मीही निघालो. मूर्तिजापूरपर्यंत त्या खिडकीतून बघत राहिल्या. बाहेर कपाशीच्या रानात पाणी साचलेलं होतं. तिथून पुढे त्या एवढंच म्हणाल्या, “खाल्लं काय, हे विचारायला पाहिजे होतं. साधी गोष्ट होती.”

अकोल्यात निखिलला पत्रकारांसमोर बसायचं होतं. वरून एक नोट तयार होऊन आली होती. तिच्यात “प्राथमिक माहितीच्या आधारे खबरदारीचा उपाय म्हणून” अशी सुरुवात होती आणि शेवटपर्यंत कोणाचंच काही चुकलेलं नव्हतं. निखिलच्या हातात ती होती. चेहऱ्यावरून वाटत होतं, तो झोपलेला नव्हता. मॅडम त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तिथल्या साहेबांनी, तेच फोनवरचे, मला खुणेनं विचारलं, या कशाला? मी खांदे उडवले.

खोली भरलेली होती. सरपंच मागे उभे होते, गावाची बदनामी झाली म्हणून तापलेले. पहिला प्रश्न त्याच पत्रकाराचा आला, ज्यानं त्या दिवशी फोन केला होता. अकोल्याच्या एका छोट्या दैनिकासाठी तो काम करायचा. आवाज वर चढवला नाही त्यानं.

“तुम्ही पाणी म्हणलं. मी छापलं. त्या बाईनं पाण्याले हात नाई लावला अन् भाजी खाल्ली. याचं उत्तर काय देता?”

निखिलनं हातातली नोट बघितली. मग ती टेबलावर पालथी ठेवली.

“मी पाणी म्हटलं, ते चुकलं,” तो म्हणाला. “संशय आहे असं म्हटलं होतं, पण लोकांनी पाणीच ऐकलं, आणि ते ऐकणारच होते. काय खाल्लं, हे मी डॉक्टरांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आता जेवणाचा अहवाल यायचा आहे. उरलेलं जेवण कोणाकडे असेल तर फेकून द्या. पाणी प्यायला हरकत नाही.”

“अन् या मॅडम?” मागून कोणीतरी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, “मी याला शिकवते. तो फोन लावत होता तेव्हा मी तिथंच उभी होते. मीही नाही विचारलं. हेही लिहा.”

पत्रकारानं मान खाली घालून लिहून घेतलं. साहेब उठून बाहेर गेले.

तिथून आम्ही रुग्णालयात गेलो. म्हातारी बसती झाली होती. तिच्या सुनेनं आम्हाला स्टूल दिलं. निखिल तिच्या खाटेशी बसला. तो म्हणाला, “आजी, तो पाण्याचा निरोप माझाच होता.” मग तिनं त्याची समजूत घातल्यासारखं सांगितलं, “तुमी सांगतलं तसं म्या पानी उकयूनच पेलं, बाबू. एक थेंब तसाच नाई पेला.”

निखिल उठून व्हरांड्यात गेला. मॅडम बसून राहिल्या. त्यांनी म्हातारीला विचारलं, आता काय खाता, झोप लागते का, घरी कोण कोण आहे. खूप वेळ बसल्या. निघताना म्हातारी म्हणाली, गावाले या. मॅडम म्हणाल्या, येते. आणि पुढे दोन वेळा त्या खरोखर गेल्या, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात “माहिती खात्याची कबुली: आमचं चुकलं” असा मथळा होता. तो खरा होता, त्यामुळे कोणाला खुलासा पाठवता येईना. म्हणून मग निखिलकडूनच खुलासा मागवला. परवानगीशिवाय माध्यमांना माहिती का दिली, असं त्यात विचारलं होतं. चूक का केली, असं नव्हतं विचारलं. तो पूर्वेकडच्या एका लांबच्या जिल्ह्यात बदलून गेला. मॅडमची प्रशिक्षणं थांबली. कोणी तसं सांगितलं नाही, फक्त पुढच्या वेळी मुंबईहून कोणी तज्ज्ञ आले. चांगले होते. कूलर सुरू होता. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. त्यांनी एक चित्रफीत दाखवली आणि शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली.

मॅडमना कात्रणांच्या कामावर बसवलं. रोजच्या पेपरांतून सरकारविषयीच्या बातम्या कापून वर पाठवायच्या. त्या मुकाट्यानं करायच्या. कधी मी टेबलाजवळ गेलो तर एखादं कात्रण पुढे करून म्हणायच्या, “हे बघ, याला कोणी उत्तर दिलं का?” कोणी दिलेलं नसायचं. त्या कात्रण ठेवून द्यायच्या. चेहऱ्यावर राग नसायचा. दिवस संपत आला की डोळ्यांवरचा चष्मा काढून बोटांनी नाकाचा वरचा भाग दाबत बसायच्या.

निखिलचा मात्र अकोल्याच्या त्या पत्रकाराला अधूनमधून फोन जायचा, किंवा त्याचा निखिलला. तालुक्यात कुठली अफवा आली की तो पत्रकार तीनशे किलोमीटर दूरच्या माणसाला विचारायचा, काय वाटते? निखिल म्हणायचा, मी आता तिथं नाही, मला माहीत नाही, पण अमुक डॉक्टरांना विचारा. यातून कोणाचं किती भलं झालं मला सांगता येणार नाही.

मग मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ अमरावतीतच झाला. शाल, श्रीफळ, पेढे, चिवडा. अध्यक्षपदी अकोल्यात उठून गेलेले तेच साहेब होते, आता आणखी मोठे झालेले. त्यांनी मॅडमच्या मोकळ्या स्वभावाचं फार कौतुक केलं. ते मनापासून बोलत होते, हे मला विशेष वाटलं. विसरले असावेत. निखिल रात्रभराचा प्रवास करून आला होता आणि मागे भिंतीला टेकून उभा होता. कानाशी केस पांढरे व्हायला लागले होते त्याचे.

मॅडम बोलायला उठल्या. दोन-चार नावं घेतली, आभार मानले. मग माईक हातात धरून म्हणाल्या, “कोणाला काही विचारायचं आहे का?”

निरोपाच्या भाषणात कोणी असं विचारत नाही. लोक हसले, खुर्च्या सरकल्या. प्लेटा वाटणारे थांबले. मॅडम मात्र खरोखर वाट बघत होत्या. शेवटी मागून निखिल म्हणाला, “मॅडम, आता कसं वाटते?”

त्यांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

“थकली मी,” त्या म्हणाल्या. “लय थकली.”

आणि खाली बसल्या. टाळ्या कुठे वाजवायच्या हे कोणाला कळेना. साहेबांनी सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन आला. पेपर आला होता. “मी हे कवा म्हटलं?” त्यांनी विचारलं. मी काढून बघितलं. आमच्याच कार्यालयाची नोट होती, एका नव्या मुलीनं समारंभाच्या आधीच तयार करून ठेवलेली, आणि सगळ्या पेपरांत जशीच्या तशी आली होती. शासकीय सेवेत केलेल्या कामाबद्दल पूर्ण समाधान वाटते, अशी भावना त्यांनी या वेळी व्यक्त केली.

“मॅडम, अशी वाक्यं असतातच,” मी म्हणालो.

“असतात. पण मी म्हटलं का?”

“नाही.”

“मग?”

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, असल्या गोष्टीचं कोणी शुद्धिपत्र काढतं का, लोक हसतील. त्यांचं बरोबर होतं. मी टेबलाशी येऊन बसलो. समोर दिवसभराचं काम पडलेलं होतं, एका मंत्र्यांचा दौरा होता. मग मी चार ओळी लिहिल्या आणि माझ्या सहीनं सगळ्या पेपरांना पाठवून दिल्या.

बाकी कोणी छापल्या नाहीत, फक्त अकोल्याच्या त्या छोट्या दैनिकानं छापल्या. आतल्या पानावर, निविदांच्या खाली, बारीक टाइपात. काल प्रसिद्ध झालेल्या वृत्तात सेवानिवृत्त अधिकाऱ्यांनी समाधान व्यक्त केल्याचे नमूद होते. प्रत्यक्षात त्या ‘थकली मी, लय थकली’ असे म्हणाल्या. चुकीबद्दल दिलगीर आहोत.

त्या दिवशी मी फोन जवळच ठेवून बसलो होतो. मॅडमचा फोन आला नाही.